माणसाचं इंग्रजी वर्णन, नकाराच्या आडून

‘ही इज नो फूल.’ शब्दशः घेतलं तर तो मूर्ख नाही, एवढंच. पण इंग्रजीत मुरलेला वाचक त्यातून घेतो ते असं, की माणूस चांगला पोचलेला आहे, त्याला गंडवायच्या भानगडीत पडू नका. नकार देऊन, मुद्दाम कमी बोलून जास्त सांगायची ही रीत इंग्रजी लिखाणात फार जुनी. व्याकरणवाले तिला लायटोटीज म्हणतात. मराठीतही ती रोजच्या वापरातली आहे. ‘तो काही कमी नाही’ असं बडोद्याच्या रावपुऱ्यात कुणी ओट्यावर बसून म्हणालं, तर कमी नाही म्हणजे किती जास्त, हे विचारावं लागत नाही. अडतं ते इंग्रजीत लिहिताना. तिथले साचे वेगळे, एकेका साच्याचं वजन ठरलेलं, आणि ते चुकलं तर स्तुतीची तक्रार होते किंवा तक्रारीची टिंगल.

बडोद्यात अशा लिखाणाचे प्रसंग पुष्कळ. महाराजा सयाजीराव विद्यापीठातलं शिक्षण इंग्रजीतून, त्यामुळे परदेशी निघालेल्या मुलांसाठी शिफारसपत्रं लिहायची वेळ प्राध्यापकांवर दरवर्षी येते. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, वार्षिक अप्रेझल (कामाचं मूल्यमापन) इंग्रजीत भरायचं असतं. मंडळाच्या स्मरणिकेत निवृत्त सचिवांवर पानभर इंग्रजी मजकूर हवा असतो, कारण परदेशातली नातवंडं मराठी वाचत नाहीत. पाहुण्यांची ओळख, श्रद्धांजली, स्थळाची माहिती हेही आहेच. यांतल्या काही ठिकाणी ही रीत शोभते, काही ठिकाणी घात करते. आधी साचे पाहू, मग जागा.

आधी सरळ वाक्य, मग वळण

जे म्हणायचं ते पहिल्यांदा उघडंवाघडं लिहून काढा, मराठीत लिहिलं तरी चालेल. ‘हा माणूस कधी वेळेवर येत नाही.’ ‘ही बाई अतिशय हुशार आहे.’ मग एकच ठरवा: कमी करायचंय ते दोष की गुण? दोषाची धार कमी करायची असेल तर नकार गुणाला लागतो: ‘नॉट द मोस्ट पंक्चुअल ऑफ मेन’, वक्तशीर लोकांत याची गणना नाही. गुण हलक्या हाताने सांगायचा असेल तर नकार दोषाला लागतो: ‘शी इज नो फूल’. ही दिशा न ठरवता लिहायला बसलं, की ‘ही इज नॉट व्हेरी बॅड’ असलं काहीतरी हातून उतरतं. ते वाचून माणूस चांगला की वाईट, कुणालाच कळत नाही.

आणखी एक गोष्ट लिहिण्याआधी तपासायची. नकार कधी मोकळ्या जागेत उभा राहत नाही. ‘तो चोर नाही’ असं म्हटलं की चोरीचा विषय निघाला होता हे आपोआप सांगितलं जातं. १८६० च्या भारतीय दंड संहितेतल्या ४९९ व्या कलमात बदनामीचं उदाहरण म्हणून नेमकं हेच दिलेलं होतं: ‘झेड प्रामाणिक माणूस आहे, त्याने बीचं घड्याळ कधी चोरलं नाही.’ झेडनेच चोरलं असं लोकांना वाटावं, या हेतूने हे म्हटलं तर ती बदनामी. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि बदनामीचं कलम आता ३५६ झालं. वक्रोक्तीने केलेला आरोपही आरोप धरला जाऊ शकतो, हे तत्त्व जुनंच आहे. तेव्हा ज्या दोषाची कुणाला शंकाही नव्हती, तो दोष नाकारू नका. ‘शी इज नॉट डिसऑनेस्ट’ लिहिलंत की तिच्या हिशेबाच्या वह्या उघडल्या जातील.

‘नो’ आणि नाम

सगळ्यांत नेटका साचा हा, आणि मराठी माणूस सगळ्यांत जास्त चुकतो तोही इथेच. ‘ही इज नॉट अ टीचर’ म्हणजे त्याचा पेशा शिक्षकाचा नाही. दुसरं काही करत असेल. ‘ही इज नो टीचर’ म्हणजे त्याला शिकवता येत नाही, पगार शिक्षकाचा घेत असला तरी. पहिलं वाक्य माहिती देतं, दुसरं निकाल. म्हणून डॉक्टर, इंजिनियर, कवी अशा पेशाच्या नामाआधी ‘नो’ लावायचं असेल तर अपमान करायचाच आहे ना, याची खात्री करून घ्या.

फूल, कॉवर्ड, सेंट, जीनियस, पुशओव्हर, स्लाउच ही नामं मात्र मुळातच मत सांगणारी. त्यांच्याआधी ‘नो’ छान बसतं. ‘नो कॉवर्ड’ म्हणजे धीराचा. ‘नो पुशओव्हर’ म्हणजे सहजी वाकणारा नव्हे. ‘नो स्लाउच’ म्हणजे कामात तरबेज, पण हा शब्द बोलीतला आहे. श्रद्धांजलीत घालू नका. ‘नो सेंट’ म्हणजे भानगडी होत्या, आणि त्या लिहिणाऱ्याला ठाऊक आहेत. ‘नो स्ट्रेंजर टू’ पुढे काय येतं त्यावर सगळं फिरतं: ‘टू हार्ड वर्क’ आलं तर कष्टाळू, ‘टू कॉन्ट्रोव्हर्सी’ आलं तर वादग्रस्त, ‘टू द बॉटल’ आलं तर बाकीचं वाचकाने समजून घ्यायचं.

‘नो मीन’ वेगळा काढून सांगायला हवा. इथे ‘मीन’ म्हणजे कंजूष किंवा दुष्ट असा अर्थ नसून सामान्य, हलका असा जुना अर्थ आहे. बायबलच्या प्रेषितांची कृत्यं या भागात पॉल आपल्या टार्सस शहराला ‘नो मीन सिटी’ म्हणतो, म्हणजे ऐरंगैरं शहर नव्हे. ‘विजय हजारे वॉज नो मीन बॅट्समन’ लिहिलं तर हजारे उत्तम फलंदाज होते असा अर्थ. नुसतं एवढंच लिहून थांबलात तर मात्र वाक्य पोकळ वाटतं. पुढच्या वाक्यात आकडा ठेवा: १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात, बडोद्यातच, होळकर संघाविरुद्ध हजारे २८८ आणि गुल महंमद ३१९, चौथ्या विकेटला ५७७ धावा. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये कुठल्याही विकेटसाठीचा तो विक्रम २००६ पर्यंत टिकला. आता ‘नो मीन’ वाचून वाचक हसतो, कारण किती कमी बोललं गेलं ते त्याला मोजता येतं.

या साऱ्या प्रकाराची किल्ली इथेच आहे. कमी बोललेलं तेव्हाच कळतं, जेव्हा खरं किती होतं ते शेजारी मांडलेलं असतं. मराठीत बोलताना आवाज, भुवई, ‘हं’ म्हणण्याची लकब ते काम करते. कागदावर तुमची भुवई दिसत नाही, म्हणून तिथे एखादी ठोस गोष्ट द्यावी लागते.

‘नॉट अन-’: जपून

‘नॉट अनकाइंड’, ‘नॉट अनफ्रेंडली’, ‘नॉट अनरीझनेबल’, ‘नॉट अनइंटेलिजंट’. दोन नकार मिळून होकार, हे गणितात खरं. भाषेत ते परत निघाल्या जागी आणून सोडत नाहीत. डॅनिश व्याकरणकार ऑटो जेस्पर्सन याने १९१७ मध्येच दाखवून दिलं होतं, की ‘नॉट अनकॉमन’ हे ‘कॉमन’पेक्षा दुबळं असतं. ‘नॉट अनकाइंड’ म्हणजे दयाळू नव्हे. दुष्ट म्हणता येणार नाही, प्रसंगी बरं वागतो, पण आपण होऊन माया लावणाऱ्यांतला नाही, असा तो मधला पट्टा.

म्हणूनच मधला पट्टा असलेली विशेषणंच इथे चालतात. काइंड आणि अनकाइंड यांच्यामध्ये जागा आहे, मॅरीड आणि अनमॅरीड यांच्यामध्ये नाही. ‘नॉट अनमॅरीड’ लिहिलं तर लोक चौकशीला येतील. ‘अन-’ किंवा ‘इन-’ लावलेला शब्द स्वतंत्रपणे वापरातला हवा. ‘अनटॉल’ असा शब्द नाही, तर ‘नॉट अनटॉल’ही नाही. आणि विषय निघण्याचं काही कारण हवं. कडक म्हणून प्रसिद्ध असलेल्या मुख्याध्यापिकेबद्दल ‘नॉट अनकाइंड’ फार सुंदर बसतं, कारण वाचक उलट अपेक्षेने वाचत आलेला असतो. सगळ्यांशी गोड वागणाऱ्या बाईंबद्दल तेच लिहिलं तर ती कुचकी टिप्पणी ठरते.

या साच्याचा अतिरेक इंग्रजांनाही खुपला आहे. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ च्या एका निबंधात ‘नॉट अन-’ची सवय सुटावी म्हणून एक वाक्य पाठ करायला सांगितलं. त्यात अ-काळा-नसलेला कुत्रा अ-लहान-नसलेल्या सशामागे अ-हिरव्या-नसलेल्या शेतातून धावतो. मराठीत ते आणखीच हास्यास्पद दिसतं. पानभर मजकुरात ‘नॉट अन-’ एकदा यावं, दुसऱ्यांदा आलं तर कापावं.

सगळ्यांत मऊ साचा

दोष सांगायचा आहे आणि माणूस दुखवायचा नाही, तेव्हा ‘नॉट द मोस्ट’ वापरा. ‘ही वॉज नॉट द मोस्ट पेशंट ऑफ मेन.’ ‘शी इज नॉट द ईझिएस्ट पर्सन टू वर्क विथ.’ वरवर पाहता जगातला सर्वांत संयमी माणूस तो नव्हता, एवढीच निरुपद्रवी गोष्ट सांगितली; असे तर आपण सगळेच. वाचकाला मात्र तापट स्वभाव बरोबर कळतो, आणि लिहिणाऱ्याला माणसाबद्दल जिव्हाळा आहे हेही. ‘द’ गाळू नका. ‘ऑफ’ आला तर पुढे अनेकवचन: ऑफ मेन, ऑफ टीचर्स.

सयाजीराव महाराजांचं १९११ च्या दिल्ली दरबारातलं वागणं या साच्यात चपखल बसतं. पंचम जॉर्जपुढे ते एकदाच वाकले आणि बादशहाकडे पाठ करून चालते झाले; ब्रिटिश वर्तमानपत्रांनी त्यावर आकांत केला. ‘हिज बो वॉज नॉट द डीपेस्ट ऑफ द डे.’ प्रसंग आधी सांगितला असेल तर यापुढे काही लिहायची गरज नाही.

‘नॉट द शार्पेस्ट नाइफ इन द ड्रॉवर’सारखे तयार वाक्प्रचार मात्र टाळा. त्यात सौम्यपणा उरलेला नाही. तो सरळ अपमान आहे, आणि तोही उसना.

वजनाचा क्रम

भरवशाचा नसलेला माणूस घ्या. एकाच दोषासाठी हे पर्याय, साधारण हलक्याकडून जडाकडे:

‘नॉट आल्वेज रिलायबल’: कधीमधी चुकतो.
‘नॉट द मोस्ट रिलायबल ऑफ मेन’: चुकतोच, पण आपला माणूस आहे.
‘नॉट एंटायरली रिलायबल’: ऐकायला किरकोळ, पण ब्रिटिश कानाला याचा अर्थ भरवसा ठेवू नका असाच लागतो.
‘लेस दॅन रिलायबल’: कोरडं, थंड, जिव्हाळा संपला.
‘हार्डली रिलायबल’: जवळजवळ नाहीच.
‘नॉट एक्झॅक्टली रिलायबल’: टिंगल.

‘लेस दॅन’पुढे कँडिड, ऑनेस्ट, ट्रूथफुल असं काही आलं, तर तुम्ही त्या माणसाला खोटारडा म्हटलेलं असतं. कागदपत्रांशिवाय ते लिहू नये. ‘नॉट एक्झॅक्टली’ला समोरचा हसेल याची खात्री लागते, म्हणून ते कचेरीच्या पत्रात कधीच नको.

‘हार्डली’बद्दल स्वतंत्र इशारा. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे कष्ट करतो. ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे कामाला हात लावत नाही. ‘हार्ड’ला ‘ली’ जोडून क्रियाविशेषण करायच्या नादात कित्येक चांगल्या मुलांची शिफारसपत्रं बुडतात. ‘हार्डली’सोबत दुसरा नकारही येत नाही, ‘हार्डली नॉट’, ‘डझन्ट हार्डली’ दोन्ही चूक.

क्रियापदांतला नकार

स्वभावापेक्षा वागणं सांगायचं असेल तर हे साचे जास्त कामाचे. ‘नॉट गिव्हन टू’ म्हणजे त्याची ती सवय नाही: ‘नॉट गिव्हन टू लाँग स्पीचेस’. ‘नॉट वन टू’ त्याच जातीचं: ‘नॉट वन टू कम्प्लेन’. ‘नॉट नोन फॉर’ मात्र बोचतं: ‘नॉट नोन फॉर हिज जनरॉसिटी’ म्हणजे हात आखडता, आणि गावाला ते माहीत. ‘नॉट विदाउट’ तिसऱ्याच चालीचं: ‘नॉट विदाउट चार्म’ म्हणजे आकर्षण आहे, पण तुम्ही ते नाइलाजाने कबूल करताय.

क्रिकेटपटू अंशुमन गायकवाड १९८३ मध्ये जालंधरला पाकिस्तानविरुद्ध २०१ करायला ६७१ मिनिटं खेळपट्टीवर होते. त्यांच्याबद्दल ‘नॉट अ मॅन इन अ हरी’ एवढं पुरतं. त्याआधी १९७६ मध्ये किंग्स्टनला वेस्ट इंडिजच्या वेगवान माऱ्यापुढे ८१ धावांवर कानावर चेंडू लागेपर्यंत ते उभे होते. तिथे ‘ही डिड नॉट लॅक करेज’. पहिल्या वाक्यात मिश्कीलपणा आहे, दुसऱ्यात आदर, आणि दोन्ही आकड्यांच्या जोरावर उभी आहेत.

‘डझ नॉट सफर फूल्स ग्लॅडली’ हे निवृत्तीच्या स्मरणिकांमध्ये हटकून सापडतं आणि बहुतेक वेळा चुकीच्या समजुतीने लिहिलेलं असतं. हाही बायबलमधून आलेला वाक्प्रचार. ‘सफर’ म्हणजे इथे सहन करणे. लिहिणाऱ्याला वाटतं, साहेब हुशार होते असं म्हटलं. इंग्रजी श्रद्धांजल्या वाचणाऱ्याला कळतं, की साहेब लोकांवर खेकसत. लंडनच्या डेली टेलिग्राफमध्ये १९८६ पासून ह्यू मॅसिंगबर्ड याने श्रद्धांजलीचं सदर सांभाळलं, तेव्हा अशा झाकलेल्या बोलण्याची जणू एक भाषाच तिथे तयार झाली. ‘कन्व्हिव्हियल’ म्हणजे पिणारा, हे तिथल्या वाचकाला फोड करून सांगावं लागत नसे. तुमचे साहेब खरोखर तापट असतील तर वाक्प्रचार जरूर वापरा. नसतील तर खोडा.

एक परिच्छेद करून पाहू

मंडळाच्या सचिवांवर लिहायचं आहे. सरळ टिपण असं: वेळेवर येत नसत, बोलायला उभे राहिले की थांबत नसत, हिशेब चोख, नव्या मंडळींना मदत करत पण वरून फटकळ.

इंग्रजी: ‘ही वॉज नॉट द मोस्ट पंक्चुअल ऑफ मेन, अँड नोबडी एव्हर अक्यूज्ड हिम ऑफ ब्रेव्हिटी. हिज अकाउंट्स बॅलन्स्ड टू द लास्ट रुपी, एव्हरी इयर. ही वॉज नॉट अनकाइंड टू न्यूकमर्स, दो ही टुक सम ट्रबल टू हाइड इट.’

दोन किरकोळ दोष पहिल्याच वाक्यात मऊ करून संपवले. ‘नोबडी एव्हर अक्यूज्ड हिम ऑफ’ म्हणजे असा आरोप त्यांच्यावर कधी झाला नाही; थोडक्यात बोलण्याला आरोप म्हटलं, यातच गंमत. हिशेबाचं वाक्य मुद्दाम सरळ आहे. पैशाच्या बाबतीत ‘नॉट केअरलेस’ असलं काही लिहिलं असतं, तर घड्याळवाल्या झेडची गत झाली असती. शेवटी ‘नॉट अनकाइंड’, कारण ते वरून फटकळ होते आणि लोकांना ते माहीत आहे. सलग तीन वाक्यं नकाराची झाली तर परिच्छेद उखाण्यासारखा वाटायला लागतो, म्हणून मध्ये एक सरळ वाक्य हवंच.

नकार मोजा

‘नो’, ‘नॉट’, ‘नेव्हर’ दिसतात. लपलेले दिसत नाहीत: फेल, लॅक, डाउट, डिनाय, विदाउट, हार्डली, अनलेस, ‘अन-’, ‘-लेस’. वाक्यातल्या अशा सगळ्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारा. दोनपेक्षा जास्त रेघा आल्या तर दुरुस्ती करत बसू नका, वाक्य नव्याने लिहा.

‘हिज कॉन्ट्रिब्यूशन कॅनॉट बी अंडरएस्टिमेटेड’ हे सत्कारात फार ऐकू येतं. नीट वाचलं तर योगदान कितीही कमी धरलं तरी ते त्याहून कमीच, असा अर्थ निघतो. म्हणायचं असतं ‘शुड नॉट बी अंडरएस्टिमेटेड’. ‘एनिथिंग बट लेझी’ म्हणजे अजिबात आळशी नाही. ‘ऑल बट’ म्हणजे जवळजवळ. ‘नथिंग इफ नॉट पर्सिस्टंट’ म्हणजे चिकाटी तर विचारूच नका. ही तिन्ही दिसायला बहिणी आणि अर्थाने तीन टोकांना. खात्री नसेल तेव्हा वापरू नका.

मराठीतून थेट उतरलेल्या दोन वाक्यांकडेही लक्ष ठेवा. ‘सगळे शिक्षक त्याच्यावर खूश नव्हते’ याचं ‘ऑल टीचर्स वेअर नॉट हॅपी विथ हिम’ केलं, की एकही खूश नव्हता असंही वाचलं जातं. काही होते, काही नव्हते असं म्हणायचं असेल तर ‘नॉट ऑल हिज टीचर्स वेअर हॅपी’. दुसरं, आपण ‘तो तयार नाही असं मला वाटतं’ म्हणतो, तेव्हा नकार तयारीला चिकटलेला असतो. इंग्रजीत तो पुढे सरकवला की वाक्य मवाळ होतं: ‘आय डोन्ट थिंक ही इज रेडी’. आणि ‘तो काही कमी नाही’चं ‘ही इज नो लेस’ करू नका, त्यातून इंग्रज वाचकाच्या हाती काहीही लागत नाही.

जिथे हे लिहूच नये

शिफारसपत्र. अमेरिकी विद्यापीठांत या पत्रांची भाषा इतकी चढलेली असते, की ‘नॉट अ बॅड स्टुडंट’ तिथे नकारासारखंच वाचलं जातं. बऱ्याच फॉर्मवर वरच्या पाच टक्क्यांत, दहा टक्क्यांत अशा चौकटी असतात आणि तुमचं नाजूक वाक्य त्या खुणेशेजारी वाचलं जातं. ‘क्वाइट गुड’ही नको: अमेरिकेत ते चांगलंच चांगलं, ब्रिटनमध्ये चांगल्याच्या एक पायरी खाली. तत्त्वज्ञ पॉल ग्राइस याने १९७५ मध्ये छापलेलं उदाहरण प्रत्येक विभागप्रमुखाने वाचावं असं आहे. तत्त्वज्ञानाच्या नोकरीसाठीच्या पत्रात शिक्षक लिहितो, की विद्यार्थ्याचं इंग्रजी उत्तम आहे आणि तासांना तो नियमित हजर असे. बस. वाईट एक शब्द नाही, तरी वाचणारा समजतो की मुलाला तत्त्वज्ञान येत नाही, कारण येत असतं तर लिहिलं असतं. हजेरी आणि वळणदार अक्षर यांवर परिच्छेद खर्च केलात की तुमच्या हुशार विद्यार्थ्याचं हेच होतं. विषय, प्रोजेक्ट, त्यात त्याने स्वतः काय केलं, वर्गात किती मुलं आणि त्यांत तो कितवा, हे सरळ होकारात लिहा.

अप्रेझल. ‘परफॉर्मन्स वॉज नॉट अनसॅटिस्फॅक्टरी’ वाचून कामगाराने नेमकं काय सुधारायचं? ‘तिमाहीत चार रिपोर्ट मुदतीनंतर आले’ अशा वाक्याने कुणी दुखावला तरी त्याला पुढचा रिपोर्ट कधी द्यायचा ते कळतं.

भाडेकरूबद्दल किंवा उधारीबद्दल कुणी विचारलं तर सावध. बदनामीच्या त्याच जुन्या ४९९ व्या कलमात, बदनामी न ठरणाऱ्या गोष्टींच्या यादीत, एक दुकानदार आपल्या मुनिमाला सांगतो की झेडला रोख घेतल्याशिवाय काही विकू नकोस, ‘फॉर आय हॅव नो ओपिनियन ऑफ हिज ऑनेस्टी’. मत नाही म्हणजे मत वाईट आहे, हा जुन्या इंग्रजीचा नकार. स्वतःच्या हितासाठी, सद्‌हेतूने सांगितलं म्हणून तो सुटतो. तेच वाक्य सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणाऱ्याला ही सवलत मिळेलच असं नाही.

स्थळाची माहिती. ‘नॉट अनअट्रॅक्टिव्ह’ कुणाही मुलीबद्दल किंवा मुलाबद्दल कधीही लिहू नये. रूप, वय, व्यंग यांना हा साचा लागला की तो क्रूर होतो. जाता जाता, ‘होमली’ही अमेरिकेतल्या स्थळाला पाठवू नका. तिथे त्याचा अर्थ दिसायला बेताची.

आणि ज्याचं इंग्रजी शाळेपुरतं आहे अशा वाचकाला हे काहीच पाठवू नये. तो ‘नो स्ट्रेंजर टू’ वाचून अनोळखी माणूस कोण ते शोधत बसेल.

पाठवण्याआधी

मजकूर अशा कुणाला तरी द्या, ज्याला तो माणूस माहीत नाही. एकेका नकाराच्या वाक्यावर बोट ठेवून विचारा: स्तुती आहे की तक्रार? उत्तर तुमच्या मनातलं आलं आणि लगेच आलं, तर वाक्य राहू द्या. थांबून, पुन्हा वाचून आलं, तर शेजारचा पुरावा कमी पडतोय. आकडा, प्रसंग किंवा तारीख घाला. उत्तर उलट आलं तर सरळ वाक्यावर परत या. ‘विनोद आहे का?’ असा प्रश्न आला तर बहुधा ‘नॉट एक्झॅक्टली’ किंवा दुसरं ‘नॉट अन-’ कुठेतरी राहून गेलंय, ते काढा. जागेअभावी मजकूर कापायचा झाला तर नकाराचं वाक्य आधी कापा आणि त्याच्या आधाराची माहिती ठेवा. उलट कापलंत तर नुसता टोमणा छापला जातो.